वेगळी राज्यव्यवस्था मागणाऱ्यांची देशभक्ती

१९१६ च्या जुलै महिन्यात पुण्यात लोकमान्य टिळकांची एकसष्टी साजरी झाली. लोकांनी जमवलेली एक लाख रुपयांची थैली त्यांना अर्पण करण्यात आली आणि त्याच दिवसांत सरकारची नोटीसही त्यांच्या हाती पडली. बेळगाव आणि अहमदनगर येथे मे-जून महिन्यांत होमरूलवर दिलेल्या तीन भाषणांबद्दल ही नोटीस होती. वर्षभर नीट वागण्याची हमी म्हणून टिळकांनी २० हजार रुपयांचा जातमुचलका द्यावा आणि प्रत्येकी १० हजारांचे दोन जामीन उभे करावेत, असा पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटचा हुकूम होता.

या भाषणांत टिळकांनी बादशहाला हटवा असे कुठेही म्हटले नव्हते. त्यांनी सरकारचे दोन भाग पाडले होते. एक अदृश्य, निर्गुण ब्रह्मासारखे. दुसरे डोळ्यांना दिसणारे, कलेक्टर-कमिशनरांच्या रूपाने लोकांशी रोज गाठ पडणारे. पहिले राहू द्या, दुसऱ्याची घडण बदला, आणि कारभार इथल्या लोकांना जबाबदार असू द्या, अशी मांडणी होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर महंमद अली जीना उभे राहिले. न्या. बॅचलर आणि न्या. शहा यांनी नोव्हेंबर १९१६ मध्ये मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द केला. भाषणातले एखादे वाक्य सुटे काढून त्यावर बोट ठेवता येत नाही, भाषण सबंध वाचावे लागते आणि तसे वाचले तर त्याचा रोख स्वराज्याचे हक्क मागण्याकडे दिसतो, हा निकालाचा आशय होता.

आठच वर्षांपूर्वी, त्याच न्यायालयात, त्याच माणसाला सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. हे लक्षात घेतले की १९१६ च्या निकालाचे मोल कळते. राज्यव्यवस्था वेगळी हवी असे म्हणणे हा द्रोह आहे का, हा प्रश्न तेव्हा एका परक्या सरकारच्या न्यायालयाने टिळकांच्या बाजूने सोडवला. स्वतंत्र देशात तो पुन्हा पुन्हा डोके वर काढतो आणि दर वेळी जणू प्रथमच विचारला जात असल्यासारखी त्याची चर्चा होते.

राजद्रोहाचे कलम १२४-अ भारतीय दंड संहितेत १८७० साली घातले गेले. त्याआधी वीस वर्षे लोकहितवादींनी शतपत्रांतून हिंदुस्थानात पार्लमेंट असावी असा विचार मांडून ठेवला होता, आणि त्याबद्दल त्यांच्यावर कोणी खटला भरला नव्हता. कायद्याची धार खऱ्या अर्थाने दिसली ती १८९७ च्या टिळक खटल्यात. न्या. स्ट्रेची यांनी ज्यूरीला सांगितले की सरकारविषयी 'अप्रीती' म्हणजे प्रीतीचा अभाव. म्हणजे बंडाची चिथावणी द्यायलाच हवी असे नाही. सरकारबद्दल मनात प्रेम नसणे आणि तसे इतरांच्या मनात उतरवणे पुरेसे. ज्यूरीतले सहा युरोपियन दोषी म्हणाले, तिघे हिंदी निर्दोष म्हणाले. टिळकांना १८ महिने सक्तमजुरी झाली. १९०८ मध्ये 'केसरी'तील अग्रलेखांवरून दुसरा खटला झाला, न्या. दावर यांच्यापुढे, तिथे सात विरुद्ध दोन असा कौल पडला आणि टिळक मंडालेला गेले.

१९२२ मध्ये अहमदाबादेत गांधीजींवर याच कलमाखाली खटला उभा राहिला, तेव्हा त्यांनी या कायद्याच्या मुळावरच बोट ठेवले. प्रेम कायद्याने निर्माण करता येत नाही आणि कायद्याने त्याचे नियमनही होत नाही, हे त्यांचे म्हणणे न्या. ब्रूमफील्ड यांना पटले असावे, कारण त्यांचा सूर आदराचा होता. तरी शिक्षा त्यांनी टिळकांच्या शिक्षेचा दाखला देऊन सहा वर्षांचीच दिली.

परकीय सत्तेविरुद्धच्या लढ्याची गोष्ट वेगळी, असे इथे कोणी म्हणेल. परक्याचे राज्य उलथणे हे देशप्रेमच. प्रश्न आपल्याच राज्याचा आहे. मराठी मुलुखातली संस्थाने या आक्षेपाला उत्तर देतात. संस्थानचा राजा परका नव्हता. तो त्याच मातीतला, त्याच दैवतांचा, बहुधा त्याच भाषेचा होता. प्रजापरिषदा त्याच्याकडे जबाबदार राज्यपद्धती मागत होत्या, आणि बहुतेक दरबारांत ही मागणी निमकहरामी ठरत होती.

औंधचा अनुभव निराळा आहे. साताऱ्यापासून विजापूरपर्यंत विखुरलेल्या ७२ गावांचे हे छोटे संस्थान. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ च्या अखेरीस आपली सत्ता प्रजेकडे देण्याचा निर्णय जाहीर केला. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत, पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन आणि सेवाग्रामला बसलेले गांधीजी यांच्या विचारविनिमयातून राज्यघटना तयार झाली आणि जानेवारी १९३९ मध्ये ती लागू झाली. गावपंचायत हा तिचा पाया होता. राजाने स्वतःच राज्यपद्धती बदलली, तेव्हा निष्ठेचा प्रश्न उलटा उभा राहिला: आता जुन्या पद्धतीला चिकटून राहणारा राजनिष्ठ, की नवी स्वीकारणारा? क्रांतिसिंह नाना पाटील आणि जी. डी. लाड यांच्या प्रतिसरकारचे एक मुख्य ठाणे असलेले कुंडल याच औंध संस्थानातले होते. इंग्रज सरकारच्या कागदांत गुन्हेगार असलेली ही माणसे न्यायनिवाडे करत होती, गावगुंडांना वठणीवर आणत होती, दुसरे राज्य कसे असू शकते याचा नमुना उभा करत होती. सातारा-सांगलीत त्यांना देशद्रोही म्हणणारा माणूस आज सापडणार नाही.

मग घटना समिती बसली. तिच्या कामकाजाचे खंड चाळताना एक गोष्ट ठळक दिसते. जवळजवळ प्रत्येक मोठ्या प्रवाहाला मनातून वेगळी राज्यव्यवस्था हवी होती. गांधीवाद्यांपुढे ग्रामस्वराज्य होते. श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी १९४६ मध्ये गांधीविचारांवर आधारलेला घटनेचा आराखडाच प्रसिद्ध केला होता. त्याआधी १९४४ मध्ये मानवेंद्रनाथ रॉय यांनी आपला मसुदा दिला होता. अर्थतज्ज्ञ प्रा. के. टी. शहा यांनी १९४८ च्या डिसेंबरात अमेरिकेसारखे सत्तेचे पूर्ण विभाजन मागितले. त्यांची दुरुस्ती फेटाळली गेली, पण त्यांच्या निष्ठेवर कोणी शंका घेतली नाही. समितीबाहेर डाव्यांना वेगळे काही हवे होते आणि उजव्यांनाही. गोळवलकर गुरुजींनी पुढे संघराज्याची रचनाच मोडीत काढून एकात्म शासन आणावे असे उघडपणे लिहिले. जयप्रकाश नारायण यांनी १९५९ मध्ये पक्षविरहित लोकशाहीची मांडणी केली. यांच्यापैकी कोणाचा मार्ग पटतो आणि कोणाचा नाही, हा ज्याच्या त्याच्या विचाराचा भाग आहे. पण ही सगळी माणसे देशाचे वाईट चिंतणारी होती असे म्हणायचे, तर विसाव्या शतकातला भारतीय राजकीय विचार जवळपास सगळाच रद्दीत घालावा लागेल.

यात सर्वांत लक्षणीय उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आहे, आणि ते फार कमी वेळा नीट सांगितले जाते. १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. त्यात त्यांनी मागितलेले मंत्रिमंडळ इंग्लंडच्या पद्धतीचे नव्हते. कायदेमंडळाची मुदत संपेपर्यंत त्याला हटवता येऊ नये, पंतप्रधानाची निवड सबंध सभागृहाने करावी आणि अल्पसंख्याकांचे प्रतिनिधी बहुसंख्याकांच्या मर्जीवर अवलंबून राहू नयेत, अशी योजना होती. शेती आणि मूलभूत उद्योग सरकारी मालकीचे असावेत, आणि हे घटनेतच लिहून ठेवावे, असाही त्यांचा आग्रह होता. दीड वर्षात तेच मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून संसदीय पद्धतीचे समर्थन करायला उभे राहिले. ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात त्यांनी कारण स्वच्छ सांगितले. स्थैर्य आणि जबाबदारी या दोन्ही गोष्टी सारख्याच प्रमाणात देणारी पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही. अमेरिकेची पद्धत स्थैर्याकडे झुकते, इंग्लंडची जबाबदारीकडे. मसुदा समितीने जबाबदारी पसंत केली.

या मांडणीत संसदीय पद्धत म्हणजे राष्ट्राचा प्राण असा सूर नाही. ही एक निवड आहे, तिची कारणे आहेत, आणि दुसऱ्या निवडीलाही तिची कारणे आहेत. २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात ते याच्या पुढे गेले. घटनेवर सर्वाधिक टीका कम्युनिस्ट आणि समाजवादी यांच्याकडून होते, हे नोंदवून त्यांनी त्या टीकेची कारणे उलगडली: कम्युनिस्टांना संसदीय लोकशाहीच नको आहे, समाजवाद्यांना मोबदला न देता राष्ट्रीयीकरण हवे आहे. दोघांनाही त्यांनी युक्तिवादाने उत्तर दिले, शिवी दिली नाही. प्रत्येक पिढी हे एक स्वतंत्र राष्ट्रच असते, या जेफरसनच्या विचाराचा त्यांनी आधार घेतला आणि ही घटना अंतिम किंवा अचूक असल्याचा दावा आपण करत नाही, म्हणून तर ती दुरुस्त करण्याची वाट सोपी ठेवली आहे, असे सांगितले. त्याच भाषणात रक्तरंजित मार्ग आणि कायदेभंगही आता सोडायला हवा, असा त्यांचा इशारा आहे. म्हणजे त्यांनी रेघ मारली ती मार्गावर. काय हवे आहे यावर त्यांनी कुंपण घातले नाही.

सप्टेंबर १९५३ मध्ये राज्यसभेत आंध्र राज्याच्या विधेयकावर बोलताना ते इतके उद्विग्न झाले की ही घटना जाळायला आपणच पहिले पुढे होऊ, असे म्हणाले. दोन वर्षांनी त्यांनी त्याचा खुलासा केला: देवासाठी बांधलेल्या देवळात असुर येऊन बसले तर ते देऊळ पाडण्यावाचून गत्यंतर काय? घटनेच्या शिल्पकाराच्या या शब्दांवर आजच्या मापाने काय कारवाई झाली असती, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. त्यांच्या त्या संतापामागे अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची तळमळ होती. ती न पाहता केवळ 'जाळणे' हा शब्द पाहणारा माणूस आंबेडकरांना ओळखत नाही.

घटना समितीने आणखी एक काम केले. मूलभूत हक्कांच्या मसुद्यात भाषणस्वातंत्र्यावरच्या निर्बंधांच्या यादीत 'राजद्रोह' हा शब्द होता. कन्हैयालाल मुनशींच्या दुरुस्तीने १९४८ च्या डिसेंबरात तो काढला गेला. लोकशाहीत एका सरकारऐवजी दुसरे सरकार किंवा वेगळी राज्यव्यवस्था मागणे हाच तर कारभाराचा प्राण, अशी मुनशींची भूमिका होती. दंड संहितेतले कलम मात्र तसेच राहिले.

मार्ग बदलला की माणसे तीच राहूनही त्यांचे देशाशी असलेले नाते कसे बदलते, हे कम्युनिस्टांच्या इतिहासात सर्वांत स्पष्ट दिसते. १९४८ च्या कलकत्ता अधिवेशनात बी. टी. रणदिवे सरचिटणीस झाले आणि पक्षाने मिळालेले स्वातंत्र्य खोटे आहे असे जाहीर करून उठावाचा रस्ता धरला. तेलंगणात सशस्त्र लढा सुरू होता. सरकारने त्यांना तुरुंगात टाकले, आणि हाती शस्त्र घेतलेल्यांशी कोणतेही सरकार तसेच वागले असते. ऑक्टोबर १९५१ मध्ये लढा थांबला. काही महिन्यांतच झालेल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कम्युनिस्ट पक्ष १६ जागा जिंकून लोकसभेतला सर्वांत मोठा विरोधी पक्ष बनला. तेलंगण लढ्यातले रावी नारायण रेड्डी नलगोंड्यातून निवडून आले, ते पंडित नेहरूंपेक्षाही जास्त मते घेऊन. १९५७ मध्ये केरळमध्ये कम्युनिस्टांचे सरकार आले. वर्गविहीन समाजाचे त्यांचे ध्येय एका अक्षरानेही बदलले नव्हते.

द्रविड मुन्नेत्र कळघमची गोष्ट थोडी वेगळी. अण्णादुराईंनी १९६२ मध्ये राज्यसभेतल्या आपल्या पहिल्या भाषणात द्रविड नाडूसाठी स्वयंनिर्णयाचा हक्क मागितला. ते सभागृहात उभे राहून बोलले, सभागृहाने ऐकले. त्याच वर्षी चीनचे आक्रमण झाले आणि पक्षाने ही मागणी मागे ठेवली. १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने उमेदवार आणि लोकप्रतिनिधींच्या शपथेत देशाचे सार्वभौमत्व आणि अखंडता राखण्याचे वचन घातले. इथे भारतीय घटनेने आपली रेघ नेमकी कुठे मारली ते कळते. देशापासून फुटून निघण्याच्या प्रचाराला तिने अडसर घातला. राज्यपद्धती अध्यक्षीय असावी की संसदीय, राज्ये असावीत की नसावीत, राज्यसभा ठेवावी की बरखास्त करावी, हे विषय तिने मोकळे ठेवले.

आपल्याकडे अध्यक्षीय पद्धतीची मागणी वेळोवेळी झाली आणि तिच्यात मराठी नेते पुढे होते. आणीबाणीत, १९७५ च्या अखेरीस, घटनेकडे नव्याने पाहण्याविषयीचे एक टिपण दिल्लीत फिरत होते. ते बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी लिहिल्याचे मानले जाते. प्रबळ अध्यक्ष आणि दुबळी न्यायसंस्था असा त्याचा कल होता. स्वर्णसिंग समितीने १९७६ मध्ये ही कल्पना बाजूला ठेवून संसदीय पद्धतच कायम ठेवावी असे सुचवले. पुढे ऐंशीच्या दशकात विदर्भातून लोकसभेत गेलेले आणि केंद्रात मंत्री राहिलेले वसंत साठे यांनी अध्यक्षीय पद्धतीचा सातत्याने पुरस्कार केला. जे. आर. डी. टाटा यांनाही ती पसंत होती, आणि अलीकडे शशी थरूर तिची बाजू मांडतात. या मंडळींचा हेतू स्थिर सरकार, तज्ज्ञ मंत्री आणि पक्षांतराला आळा असा होता. त्यांत देशाशी वैर कुठे आहे?

तरीही १९७५ च्या टिपणाबद्दल आणि साठ्यांच्या लेखनाबद्दल एकाच सुरात बोलता येत नाही. साठे उघड्यावर लिहीत होते, त्यांना उत्तर देणारे मोकळे होते. १९७५ मध्ये विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात होते, वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता. ज्याला उत्तर देणाऱ्यांची तोंडे आधीच बंद केली आहेत, त्या प्रस्तावाला चर्चा म्हणता येत नाही. सूचना तीच असली तरी या दोन प्रसंगांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि ते अंतर अध्यक्षीय की संसदीय या प्रश्नापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे.

अमेरिकेत हा वाद प्रजासत्ताक बाल्यावस्थेत असतानाच झाला. १७९८ च्या राजद्रोहाच्या कायद्याखाली संपादकांना तुरुंगवास झाला आणि त्या संतापाने १८०० च्या निवडणुकीत सत्ता पालटली. मार्च १८०१ मध्ये सूत्रे हाती घेताना जेफरसन म्हणाले की कोणाला हे संघराज्य मोडावेसे वाटत असेल, त्याचे प्रजासत्ताक रूप बदलावेसे वाटत असेल, तर त्यालाही निर्वेध राहू द्यावे. बुद्धीला झुंजायला मोकळीक असेल तिथे चुकीचे मतही सहन करता येते. १८५४ मध्ये गुलामगिरीविरोधक विल्यम लॉइड गॅरिसन यांनी ४ जुलैला, स्वातंत्र्यदिनीच, मॅसॅच्युसेट्समधल्या सभेत अमेरिकेची राज्यघटना जाळली. गुलामगिरीला आसरा देणारी घटना त्यांना मान्य नव्हती. अकरा वर्षांत ती घटना बदलली आणि गुलामगिरी गेली.

दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन मध्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे विल्यम श्नायडरमन यांचा खटला आला. रशियात जन्मलेले, १९२७ मध्ये अमेरिकन नागरिक झालेले श्नायडरमन कम्युनिस्ट होते, आणि कम्युनिस्ट माणसाची घटनेवर निष्ठा असूच शकत नाही म्हणून सरकारने त्यांचे नागरिकत्व काढून घेतले. त्यांची बाजू मांडायला उभे राहिले वेंडेल विल्की, १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीतले रिपब्लिकन उमेदवार. त्यांनी फी घेतली नाही. १९४३ च्या निकालात न्यायालयाने नागरिकत्व परत दिले. घटनेतच ती बदलण्याची तरतूद असताना, तिच्यात दूरगामी बदल मागणाऱ्याला घटनाद्रोही कसे म्हणता येईल, असा न्या. मर्फी यांचा युक्तिवाद होता. विल्कींसारख्या भांडवलशाहीच्या कट्टर समर्थकाने एका कम्युनिस्टासाठी उभे राहावे, हा त्या देशाच्या सार्वजनिक जीवनातला उजळ प्रसंग आहे.

ब्रिटनमध्ये १८४८ चा एक कायदा राजेशाही संपवण्याची छापील वकिली करणाऱ्याला जन्मठेपेची भीती घालतो. 'गार्डियन'ने त्याला आव्हान दिले, तेव्हा २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने अशा लेखनावर आता खटला होण्याची शक्यताच नाही, म्हणून निकालाची गरज नाही, अशी भूमिका घेतली. पण मे २०२३ मध्ये राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकाच्या सकाळी राजेशाहीविरोधी 'रिपब्लिक' संस्थेचे प्रमुख ग्रॅहॅम स्मिथ निदर्शनाच्या तयारीत असताना पकडले गेले आणि सुमारे सोळा तास कोठडीत राहिले. पोलिसांनी नंतर दिलगिरी व्यक्त केली. ऑस्ट्रेलियाने हाच प्रश्न सरळ मतपेटीत घातला: ६ नोव्हेंबर १९९९ च्या सार्वमतात सुमारे ५५ टक्के लोकांनी प्रजासत्ताक नाकारले. प्रजासत्ताकाच्या चळवळीचे नेते माल्कम टर्नबुल हरले, पुढे संसदेत गेले आणि २०१५ मध्ये पंतप्रधान झाले.

शेजारच्या नेपाळने तर अवघ्या दोन पिढ्यांत या प्रश्नाच्या दोन्ही बाजू भोगल्या. १९६० ते १९९० या पंचायत व्यवस्थेच्या काळात पक्षीय लोकशाही मागणाऱ्यांना 'अराष्ट्रिय तत्त्व' म्हटले जाई. २८ मे २००८ रोजी तिथल्या संविधान सभेने ५६० विरुद्ध ४ मतांनी राजेशाही संपवली. आता राजा परत हवा असे म्हणणारे अल्पमतात आहेत. राष्ट्रीय प्रजातंत्र पार्टी ही मागणी घेऊन निवडणुका लढवते, २०२२ मध्ये तिला १४ जागाही मिळाल्या. संसदेत ही मागणी मांडणाऱ्यांशी जुन्या राजवटीने लोकशाहीवाद्यांशी केले तसे वागायचे नाही, ही नव्या प्रजासत्ताकाची कसोटी आहे. मार्च २०२५ मध्ये काठमांडूत राजेशाहीवाद्यांच्या निदर्शनांत जाळपोळ झाली, दोघांचे जीव गेले. त्या हिंसेचा हिशेब वेगळा मागायला हवा, आणि मागणीचा वेगळा.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा: जर्मनी. वायमार प्रजासत्ताकात ते प्रजासत्ताकच नको असणाऱ्यांना पूर्ण मोकळीक होती. परराष्ट्रमंत्री वाल्टर राटेनाऊ यांचा जून १९२२ मध्ये उजव्या अतिरेक्यांनी खून केला, तेव्हा प्रजासत्ताकाच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण न्यायाधीशांचीच सहानुभूती जुन्या राजवटीकडे होती. जुलै १९३२ च्या निवडणुकीत नाझी आणि कम्युनिस्ट यांना मिळून राइशस्टागमध्ये निम्म्याहून जास्त जागा मिळाल्या. म्हणजे ज्यांना ती संसदच नको होती त्यांचे संसदेत बहुमत झाले. मार्च १९३३ मध्ये हिटलरने त्याच संसदेकडून सर्वाधिकार मिळवले, आणि पुन्हा मत बदलण्याची सोय जर्मन माणसाला उरली नाही. म्हणून १९४९ च्या जर्मन घटनेत काही मूलतत्त्वे कोणत्याही बहुमताने बदलता येणार नाहीत असे कलम आले. १९५२ मध्ये नाझींच्या वारसदार पक्षावर आणि १९५६ मध्ये कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली. २०१७ मध्ये मात्र एनपीडी या पक्षाची उद्दिष्टे घटनाविरोधी असल्याचे मान्य करूनही, ती गाठण्याची ताकद त्याच्यात नाही म्हणून न्यायालयाने बंदी नाकारली.

हा धडा नाकारण्यात अर्थ नाही. आपल्याकडे २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींनी सात विरुद्ध सहा मतांनी जे सांगितले, ते याच काळजीतून: घटना दुरुस्त करता येते, पण तिची मूलभूत चौकट मोडता येत नाही. त्या खटल्यात एका बाजूला नानी पालखीवाला आणि दुसऱ्या बाजूला एच. एम. सीरवाई, असे मुंबईचे दोन दिग्गज उभे होते आणि दोघांच्याही देशप्रेमाबद्दल कोणाला शंका नव्हती. पण चौकटीच्या सिद्धांताने संसदेचे हात बांधले आहेत, नागरिकाची जीभ बांधलेली नाही. पुन्हा कधीही बदलता येणार नाही अशी व्यवस्था आणू पाहणाऱ्याला रोखण्याचा हक्क लोकशाहीला आहे. बदल मागणाऱ्या प्रत्येकाला त्याच रांगेत उभे करण्याचा हक्क तिला यातून मिळत नाही. थायलंडमध्ये नेमके हे झाले. २०२३ च्या निवडणुकीत १५१ जागा जिंकून पहिला आलेला मूव्ह फॉरवर्ड पक्ष ऑगस्ट २०२४ मध्ये घटना न्यायालयाने बरखास्त केला. त्याने राजाच्या अवमानाचा कायदा सौम्य करण्याचा प्रस्ताव दिला होता, एवढेच कारण.

भारतातल्या न्यायालयांनी या बाबतीत पोलिसांपेक्षा अधिक शहाणपण दाखवले आहे. १९६२ च्या केदारनाथ सिंग निकालाने कलम १२४-अ वैध ठरवले, पण हिंसेची किंवा सार्वजनिक अव्यवस्थेची चिथावणी असेल तरच ते लागू होईल असे बजावले. १९९५ मध्ये बलवंत सिंग यांना सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. इंदिराजींच्या हत्येच्या दिवशी चंदीगडला त्यांनी खलिस्तानच्या घोषणा दिल्या होत्या, पण त्यांतून काहीही घडले नव्हते. महाराष्ट्रात २०१२ मध्ये असीम त्रिवेदी यांना व्यंगचित्रांवरून मुंबईत अटक झाली. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केदारनाथच्या मर्यादा पुन्हा समजावून सांगितल्या. त्यावर राज्य सरकारने पोलिसांसाठी परिपत्रक काढले, त्यातल्या शब्दरचनेवर टीका झाली आणि ते मागे घ्यावे लागले. निकाल आणि ठाण्यातला फौजदार यांच्यातले हे अंतर जुने आहे. खटला शेवटी टिकत नाही, पण तोवर माणसाची वर्षे जातात.

गेल्या काही वर्षांत एक नवी गोष्ट घडते आहे. पूर्वी 'देशद्रोही' हा शब्द एका बाजूकडे होता. आता 'संविधानद्रोही' हा शब्द दुसऱ्या बाजूने तितक्याच सढळपणे वापरला जातो. लोकसभा आणि विधानसभांच्या निवडणुका एकत्र घेण्यासाठीचे १२९ वे घटनादुरुस्ती विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत मांडले गेले आणि संयुक्त समितीकडे गेले. त्याने विधानसभांच्या मुदतीचा आणि संघराज्याच्या तोलाचा खरोखर गंभीर प्रश्न निर्माण होतो, आणि त्यावर कडाडून टीका व्हायला हवी. पण ते मांडणारे केवळ मांडल्यामुळे घटनेचे शत्रू ठरत नाहीत, आणि त्याला विरोध करणारे विकासाचे किंवा देशाचे शत्रू ठरत नाहीत. २००० साली वाजपेयी सरकारने न्या. वेंकटचलय्या आयोग नेमला तेव्हाही असाच गदारोळ झाला होता. त्या आयोगाने संसदीय लोकशाहीच्या चौकटीतच काम केले आणि २००२ मध्ये शिफारशींचा भलाथोरला अहवाल दिला. त्यातल्या बऱ्याच शिफारशी वाचल्याही गेल्या नाहीत, ही खंत कोणत्याही पक्षाच्या माणसाला वाटायला हरकत नाही.

मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम १२४-अ स्थगित केले. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि 'राजद्रोह' हा शब्द कायद्यातून गेला. त्याच्या जागी आलेले कलम १५२ फुटीरता, सशस्त्र बंड, विध्वंसक कारवाया आणि देशाचे सार्वभौमत्व, एकता, अखंडता धोक्यात आणणारी कृती यांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगते. सरकारविषयी अप्रीती हा गुन्हा आता उरलेला नाही, हे स्वागतार्ह आहे. पण 'विध्वंसक कारवाया' म्हणजे काय, याची व्याख्या कलमात नाही. संसदीय पद्धत जाऊन दुसरी यावी, राज्यांना अधिक स्वायत्तता मिळावी, किंवा पक्षच नकोत असे लिहिणारा माणूस त्यात बसतो की नाही, हे ठाणेदाराच्या समजुतीवर सोडलेले आहे. कलमाखाली स्पष्टीकरण जोडलेले आहे. त्यात कायदेशीर मार्गाने बदल घडवण्यासाठी सरकारच्या धोरणांवर नापसंती व्यक्त करण्याला मोकळीक दिलेली आहे. धोरणांबरोबरच राज्यपद्धतीचाही उल्लेख त्यात असता, तर मुनशींनी १९४८ मध्ये मांडलेली गोष्ट पाऊणशे वर्षांनी फौजदारी कायद्यातही उतरली असती. ती दुरुस्ती करायला घटनादुरुस्ती लागत नाही, साधे बहुमत पुरते.